खुराड्याचं दार रोज कोण लावणार?

*नमस्कार. कोंबड्या पाळायचं बरेच दिवस डोक्यात होतं. शेवटी मनावर घेतलं आणि एक दिवसाची आठ पिल्लं सांगून ठेवली. ती दहा दिवसांनी येतील. घरामागे मोकळी जागा आहे. एक जुनं लाकडी कपाट पडून आहे, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल. त्यालाच जाळीचं दार बसवून खुराडं करायचं असं आमच्या ह्यांनी ठरवलंय. वारा लागू नये म्हणून सगळ्या फटी बुजवून घेणार आहोत. धाकटीला आठही पिल्लांची नावं ठेवायची आहेत. शेजारच्या काकांनी आत्ताच बजावलंय, वास आला तर ऐकून घेणार नाही. आणि सासूबाई म्हणतात, "कोंबड्यांना इतकं काय लागतं? संध्याकाळी टोपली उपडी घातली की झालं." दहा दिवसांत खुराडं होईल का? खायला काय घालायचं? आठांत कोंबडा निघाला तर? अंडी कधी मिळतील? मला यातलं ओ की ठो कळत नाही.*

*— उत्साही आणि धास्तावलेली*

ताई,

आधी खुराड्याची घाई सोडा. दहा दिवसांत ते नीट होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. एक दिवसाचं पिल्लू खुराड्यात ठेवतच नाहीत. त्याच्या अंगावर नुसती लव असते. पिसं फुटून अंग झाकायला पाच-सहा आठवडे लागतात आणि तोवर त्याचा मुक्काम घरातल्या उबेच्या खोक्यात. म्हणजे कपाटाचा विचार करायला तुमच्याकडे दीड महिना आहे. (तो विचार तुम्हाला बदलावा लागणार आहे, त्याकडे येतेच.) उबेचा खोका मात्र पिल्लं यायच्या आदल्या दिवशी तयार हवा, दिवा लावून तापलेला.

खोका म्हणजे खरोखरच खोका. तीन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठ्याचा, भिंती दीड फूट उंच. आठ पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे तेवढा पुरतो. नंतर दुसरा खोका जोडून जागा दुप्पट करा आणि वरून जाळी टाका, कारण तिसऱ्या आठवड्यात पंख फुटलेली पिल्लं उडी मारून काठावर येऊन बसतात आणि तुम्ही स्वयंपाकघरात असताना मागून चिवचिवाट ऐकू येतो. तळाशी भाताचं तूस किंवा लाकडाचा भरड भुसा दोन इंच घाला. नुसतं वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय फाकतात आणि कोवळ्या सांध्यांना तीच सवय लागली की ते धड उभं राहू शकत नाही. पहिले दोन दिवस तुसावर जुनं खरखरीत कापड टाकलंत तर आणखी बरं, म्हणजे खाद्य समजून तूस टोचत बसणार नाहीत.

उबेचं गणित असं आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सियस. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. दिवा वर उचलला की तापमान उतरतं. साधा थर्मामीटर ठेवा, पण भरवसा पिल्लांवर ठेवा. दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झाली असतील आणि कर्कश ओरडत असतील तर गारठलीत. चोची उघड्या टाकून, पंख सैल सोडून कडेकडेला पसरली असतील तर उकडतंय. सगळी एकाच कोपऱ्यात दबून बसली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. इकडे-तिकडे विखुरलेली, काही खाताहेत, काही मान टाकून गाढ झोपलीत, असं दिसलं की जमलं. मान टाकलेलं पिल्लू पहिल्यांदा पाहून तुमच्या काळजाचा ठोका चुकेल. हळूच बोट लावा, ते दचकून उठेल आणि तुमच्याकडे रागाने पाहील.

दिवा खोक्याच्या एकाच टोकाला लावा, मधोमध नको. उकडलं तर दूर जायला त्यांना दुसरं टोक मोकळं पाहिजे. एलईडी दिवा इथे कामाचा नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही. जुन्या तारेचा साठ-शंभर वॉटचा बल्ब आठ पिल्लांना बहुतेक वेळा पुरतो. खास उबेचे दिवे मिळतात, त्यांतल्या काहींच्या काचेवर टेफ्लॉनचा लेप असतो. तो तापला की निघणाऱ्या वाफेने पक्षी मरतात, तेव्हा तसला आणू नका. तांबडा दिवा मिळाला तर उत्तम, त्या उजेडात पिल्लं झोपतातही बरी आणि एकमेकांना टोचतातही कमी. आणि दिवा साखळीने किंवा तारेने वरच्या आढ्याला बांधा. त्याच्याबरोबर आलेल्या चिमट्यावर विसंबू नका. चिमटा सुटून दिवा तुसात पडला की आग लागते. नवख्या माणसाच्या हातून होणारा सगळ्यात मोठा अपघात हाच, आणि त्यात पिल्लांबरोबर घरही जाऊ शकतं.

पिल्लं आली की एकेकाला हातात घ्या आणि चोचीचं टोक कोमट पाण्यात अलगद बुडवा. एकदा पाणी कळलं की ती आपसूक पितात. खाद्य तासाभराने मांडलं तरी चालतं. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस निभावतं, म्हणून तर इतक्या कोवळ्या जिवाला प्रवास करवून आणता येतं. पाण्याची थाळी उथळ हवी आणि पहिला आठवडाभर त्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे टाका. पिल्लू अर्ध्या इंच पाण्यातही बुडतं, झोप आली की जिथे असेल तिथे तोंड खाली करून पडतं.

पहिले चार-पाच दिवस रोज सकाळी प्रत्येक पिल्लू उलटं करून शेपटीखाली बघायचं. प्रवासाच्या ताणाने किंवा ऊब कमी-जास्त झाल्याने शिटेचा गोळा तिथे चिकटून वाळतो आणि वाट बंद होते. मग पिल्लू दोन दिवसांत दगावतं. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस त्यावर मिनिटभर धरा, मऊ झालं की पुसून काढा, कोरडं करून दिव्याखाली सोडा. ओढून काढाल तर कातडी निघेल. एक गफलत इथे हमखास होते. पोटाच्या बाजूला जी बारीक काळी खपली दिसते ती बेंबी असते. तिला हात लावायचा नाही. इतकं करूनही आठांतलं एखादं जाऊ शकतं. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

आता कपाट.

चार फूट गुणिले दोन फूट, म्हणजे आठ चौरस फूट. एका मोठ्या कोंबडीला खुराड्याच्या आत चार चौरस फूट जागा धरतात. म्हणजे तुमच्या कपाटात दोन कोंबड्या मावतील आणि तुमच्याकडे आठ येताहेत. दुसरा हिशेब झोपायचा. रात्री कोंबडी दांडीवर बसून झोपते आणि प्रत्येकीला आठ ते दहा इंच दांडी लागते. आठ जणींना साडेपाच ते साडेसहा फूट. चार फुटांच्या कपाटात एका रांगेत त्या बसणार नाहीत. मागे-पुढे दोन दांड्या मारायला खोली नाही, वर-खाली मारल्या तर सगळ्या वरच्या दांडीसाठी भांडतील आणि खालच्यांच्या डोक्यावर रात्रभर शिटतील. कोंबड्या कोंदट, दाटीच्या जागेत राहिल्या की एकमेकींची पिसं उपटायला लागतात. रक्त दिसलं की मग साऱ्या मिळून एकीलाच टोचतात. पुष्कळ लोक याचं खापर कोंबडीच्या स्वभावावर फोडतात, पण नव्वद टक्के वेळा दोष जागेचा असतो. हे नव्वद माझ्या अंदाजाचे आहेत, कुठे छापून आलेले नाहीत.

तेव्हा यजमानांना सांगा, कपाट वाया जाणार नाही, त्याचे कप्पे अंडी घालायच्या पेट्या म्हणून वापरा आणि खुराडं वेगळं बांधा. आठ फूट बाय चार फूट, आत माणूस उभा राहील इतकं उंच. उंचीवर काटकसर करू नका. ज्या खुराड्यात वाकून, गुडघे टेकून शिरावं लागतं ते महिन्याभरात साफ होईनासं होतं, हे मी पाहिलेलं आहे. त्याला लागून जाळीचं अंगण, कोंबडीमागे आठ-दहा चौरस फूट, म्हणजे तुम्हाला ऐंशीच्या आसपास. कपाटावर जुना रंग असेल तर वापरण्याआधी खरवडून काढा. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि कोंबडी रंगाचे पोपडे टिपून खाते. तो खरवडा अंगणात सांडू देऊ नका.

फटी बुजवायच्या बेतावर मात्र मला अडून बसायचं आहे. कोंबडीला पिसांची रजाई आहे, कोरडी असेल तर ती थंडी बऱ्यापैकी सोसते. तिला सोसत नाही ती कोंडलेली हवा. रात्रभरात आठ जणींच्या श्वासाची आणि शिटेची वाफ आत साठते, शिटेतून अमोनिया सुटतो, तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. माझ्या पहिल्या खुराड्यात मीही मायेपोटी बोळे कोंबून सगळं बंद केलं होतं. पंधरा दिवसांनी कोंबड्या डोळे मिटून बसायला लागल्या, नाकातून फुरफुर आवाज यायला लागला, आणि मी औषधाच्या मागे. शेवटी एकदा सकाळी दार उघडल्या-उघडल्या डोकं आत घातलं आणि माझेच डोळे भरून आले. बोळे काढले. छपराखाली चारही बाजूंनी वीतभर पट्टा मोकळा ठेवा, त्यावर जाळी मारा, छप्पर बाहेर फूटभर काढा म्हणजे पाऊस आत येणार नाही. हवा दांडीच्या वरून खेळली पाहिजे, झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर थेट झोत नको. उन्हाळ्यात हीच मोकळी जागा जीव वाचवते, कारण कोंबडीला घाम येत नाही. ती तोंड उघडून धापा टाकते, तेवढाच तिचा पंखा.

दांडी दोन इंच रुंदीची लाकडाची, कडा तासलेल्या. लोखंडी नळी नको, पाय घसरतो. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंची पुरे. अंडी घालायच्या पेट्या दांडीपेक्षा खाली, चार कोंबड्यांमागे एक, म्हणजे तुम्हाला दोन, प्रत्येक फूटभर लांब-रुंद-उंच. खालीच का, तर कोंबडी खुराड्यातली सगळ्यात उंच जागा झोपायला निवडते. पेटी उंचावर ठेवलीत तर ती पेटीत झोपेल आणि रोज सकाळी अंडी शिटेत बरबटलेली निघतील.

जाळीचं सांगते. षट्कोनी भोकांची जी पातळ जाळी "कोंबडीची जाळी" म्हणून मिळते, ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवायची तिची ताकद नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, आणि भोकांतून मुंगसाचं पिल्लू, साप, उंदीर बिनदिक्कत येतात. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, सांधे जोडलेली जाड जाळी घ्या. महाग पडते, म्हणून हवं तर अंगणाला थोडी हलकी जाळी वापरा, पण जिथे रात्री झोपायचं तिथे तडजोड करू नका. जमिनीखालून उकरून येणाऱ्यांसाठी जाळीचा फूटभर पट्टा खुराड्याभोवती बाहेरच्या अंगाला आडवा पसरा आणि वर माती लोटा. घूस किंवा कुत्रा भिंतीच्या अगदी मुळाशी उकरायला लागतो, नखाला जाळी लागते, आणि दोन पावलं मागे सरून उकरायचं काही त्याला सुचत नाही. दाराला नुसता आकडा नको, कडी-कोयंडा घाला.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लं तिथे हलवली की पहिले चार-पाच दिवस त्यांना खुराड्यातच कोंडा, अंगणात सोडू नका. आपलं घर कुठलं हे त्यांच्या डोक्यात तेवढ्या वेळात पक्कं बसतं. मग सोडलीत तरी दिवेलागणीला आपणहून रांगेने आत येतात. हा रोजचा देखावा तुम्हाला आवडेल.

खाद्याचं थोडक्यात. पहिले आठ आठवडे पिल्लांचं तयार खाद्य, ज्यात १८ ते २० टक्के प्रथिनं असतात. मग वाढीचं खाद्य. अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य अठराव्या आठवड्याच्या आत सुरू करू नका. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं आणि लहान पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. "एकच पोतं आणू, सगळ्यांना तेच घालू" हा मोह इथे महागात पडतो. अंडी सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात कालवू नका. जिला लागेल ती खाईल, बाकीच्या ढुंकून बघणार नाहीत. घरातलं उरलंसुरलं घालायला हरकत नाही, फक्त ते दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ नये. खारट, बुरशी आलेलं, कच्च्या राजम्यासारखी कडधान्यं अजिबात नकोत. कोंबडीला दात नाहीत. पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत ती धान्य खड्यांनी दळते, म्हणून दाणे किंवा पाला द्यायला लागलात की बारीक खडीची वाटीही भरलेली हवी. मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते आणि पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. अंड्याचा बराचसा भाग पाणीच असतो, त्यामुळे एक दुपार भांडं कोरडं राहिलं तरी त्याचा परिणाम पुढे दोन-चार दिवस अंड्यांवर दिसतो.

शेजारच्या काकांचा प्रश्न मला खाद्यापेक्षा जास्त नाजूक वाटतो. वास कोंबडीला येत नाही, ओल्या शिटेला येतो. जमिनीवर चार-सहा इंच तूस किंवा भुशाची गादी करा, आठवड्यातून दोनदा पावड्याने खालीवर करा, ओलं दिसेल ते काढून टाका, वर कोरडं घाला. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा, म्हणजे सांडणार नाही. निम्मा ओलावा तिथूनच येतो. दांडीखाली एक फळी ठेवा आणि रोज सकाळी खरवडा, कारण दिवसरात्रीतली बरीचशी शीट रात्री तिथेच पडते. मूठभर गादी उचलून दाबा. गोळा झाला तर ओली आहे, भुरभुरून पडली तर ठीक. काढलेलं खत ताजं ताजं झाडांना घालू नका, मुळं जळतात, काही महिने कुजू द्या. काकांना बाग असेल तर पहिलं कुजलेलं पोतं त्यांना नेऊन द्या. आणि तुमच्याकडे घरी कोंबड्या पाळायला परवानगी लागते का, किती चालतात, हे पिल्लं यायच्या आत विचारून घ्या. काकांच्या आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

त्यांचा खरा राग वासाने नाही, पहाटे चारला आरवण्याने जागा होईल. आठांत कोंबडा निघू शकतो. "माद्याच आहेत" असं सांगून दिलेल्या पिल्लांतही चूक होते. एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग शेपटीखालच्या बारीक उंचवट्यावरून ओळखायची विद्या जपानी तज्ज्ञांनी १९२०च्या दशकात बसवली. त्यात मुरायला वर्षं लागतात, आणि मुरलेली माणसंही अधूनमधून चुकतात. तुम्ही सहा-आठ आठवडे थांबा. ज्याचा तुरा बाकीच्यांच्या आधी मोठा आणि लाल होतोय, पाय जाड आहेत, त्याच्यावर नजर ठेवा. तीन महिन्यांनंतर शेपटीच्या बुडाशी लांब टोकदार पिसं लोंबायला लागली की शंका उरत नाही. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. तो नसला तर अंड्यातून पिल्लू निघणार नाही, इतकंच. तेव्हा त्याचं काय करायचं हे घरात आत्ताच बोलून ठेवा. मुलीने नाव ठेवल्यावर ते बोलणं फार जड जातं.

आजारांत तुम्हाला दोन गोष्टी माहीत हव्यातच. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लं पिसं फुलवून, मान आखडून बसली आणि शिटेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. ओल्या गादीत ती फोफावते, औषध आहे, पण त्याच दिवशी मिळायला हवं. दुसरा राणीखेत, ज्याला मानमोडी म्हणतात. मान पिळवटते, हिरवी हगवण लागते, कळप झपाट्याने संपतो. औषध नाही, लस आहे. पहिली मात्रा साधारण पहिल्याच आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, पुढे पुन्हा. पिल्लं देणाऱ्याकडून विचारून घ्या, मॅरेक्स या आजाराची लस पहिल्याच दिवशी टोचली आहे का. बाकी वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून आणा. लशीच्या कुपीत शेकडो पक्ष्यांची मात्रा असते आणि विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून आसपास आणखी कुणी कोंबड्या पाळत असेल तर एकाच सकाळी मिळून देता येते. पण कुपी फिरू द्या, कोंबड्या नकोत. बाहेरून आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवल्याशिवाय कळपात घालायचा नाही. एकाएकी दोन-तीन कोंबड्या पटापट मेल्या तर हात न लावता आधी पशुवैद्याला कळवा. आणि मुलांना सवय लावा, पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे. तोंडाजवळ नेऊन पापे घ्यायचे नाहीत, कितीही गोड दिसली तरी.

खुराड्याच्या एका कोपऱ्यात कोरडी माती आणि राख घालून घमेलं ठेवा. कोंबडी त्यात लोळते, पंखाखाली माती उडवून घेते, आणि तेवढ्याने अंगावरच्या उवा-पिसवा आटोक्यात राहतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा तिला झटका आलाय असंच वाटेल.

त्या एकमेकींना टोचतील, हाकलतील, ताटलीवरून ढकलतील. कुणी पहिली खायचं, कुणी शेवटी, हे त्या आपसांत ठरवून घेतात. नॉर्वेच्या थोर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे या माणसाने लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवून १९२०च्या दशकात ही उतरंड जगापुढे मांडली. तुम्ही अंगणात पाट टाकून बसलात तर आठवड्याभरात तुमचीही यादी तयार होईल. रक्त निघेपर्यंत मध्ये पडू नका. खाण्याची भांडी मात्र दोन ठेवा, म्हणजे शेवटचीलाही पोटभर मिळेल.

अंडी साधारण वीस ते चोवीस आठवड्यांनी. काही जातींना आणखी उशीर लागतो. पहिली अंडी लहान, कधी कवचाविना मऊ, घाबरू नका. एक अंडं तयार व्हायला दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून रोज थोडं उशिरा होत होत मध्येच एक दिवस खाडा पडतो. वर्षातून एकदा पिसं झडतात तेव्हा अंडी बंद होतात. खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली, तरी बंद होतात.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं तुम्ही गमतीने लिहिलंय, पण सगळ्या पत्रात मला तेच सगळ्यात कामाचं वाटलं. टोपलीत जागा नाही, हवा नाही, आठ कोंबड्यांना ती पुरणारही नाही. पण टोपली कुणीतरी रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने उपडी घालतं आणि घालताना आत किती गेल्या ते मोजतं. एकही दिवस चुकत नाही. पक्क्या खुराड्याने माणसाची नेमकी हीच सवय मोडते.

माझं दुसरं खुराडं दृष्ट लागण्यासारखं होतं. जाड जाळी, कडी, सगळं. एका संध्याकाळी पाहुणे आले, चहा झाला, जेवणं झाली, दार लावायचं राहिलं. साडेअकराला आठवलं तेव्हा मी बॅटरी घेऊन धावले. पाचांतल्या तीन दांडीवर होत्या. जिथे बसलेल्या तिथेच, एकही हललेली नव्हती. कोंबडीला अंधारात धड दिसत नाही, शेजारणीला उचलून नेलं तरी ती जागची उठत नाही. दोघींची पिसं दारापासून कुंपणापर्यंत पडली होती. कोण आलं होतं ते कळलं नाही. ते इतके दिवस रोज येऊन दार बघून जात असणार, हे मात्र कळलं.

म्हणून यजमानांनी खुराडं बांधायला घेण्याआधी एक गोष्ट घरात ठरवा: दिवेलागणीला दार कोण लावणार, आणि ते माणूस घरी नसेल तेव्हा कोण. माझ्या मते हे काम सासूबाईंकडे द्या. त्यांना आवडेल, आणि त्या विसरणार नाहीत. दारापाशी खडूने आकडा लिहून ठेवा. मोजून तेवढ्या भरल्या की कडी. एखादी कमी भरली तर अंधार पडायच्या आत शोधायला निघायचं, झाडावर किंवा सरपणाच्या ढिगामागे सापडते.

धाकटीला नावं खुशाल ठेवू द्या. आठही पिल्लं सारखीच दिसतील, तेव्हा पायात वेगवेगळ्या रंगांच्या प्लॅस्टिकच्या रिंगा घाला आणि वहीत कुठला रंग कुणाचा ते तिलाच लिहू द्या. फक्त दर आठवड्याला रिंग बोटाने फिरवून बघा. पिल्लाचा पाय भराभर जाड होतो, घट्ट झालेली रिंग आत रुतते. फिरली नाही की कापून मोठी घाला, रंग तोच.